मिलच्या वेबसाईटवरचा बोलका डबा

"मॅडम, तो तुमचा डबा पहिले बंद करा."

सोमवारची सकाळ होती आणि माझा चहा अजून कपातच होता. फोनवर शेखरभाऊ.

"कोणता डबा, भाऊ?"

"तोच. वेबसाईटच्या कोपऱ्यात बसून बोलून राहते तो."

डबा म्हणजे चॅटबॉट. वेबसाईट उघडली की खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह दिसतं. त्यावर बोट ठेवलं की 'नमस्कार, आपल्याला काय माहिती हवी?' असं लिहून येतं. तुम्ही प्रश्न टाइप करायचा, तो उत्तर देतो. तिकडे माणूस नसतो, प्रोग्रॅम असतो. त्याला आधी जे शिकवून ठेवलं त्यातूनच तो बोलतो. तिरोडा रोडवरच्या शेखरभाऊंच्या राईस मिलची वेबसाईट मी केली होती, आणि त्यात हा डबाही मीच बसवला होता.

मी गोंदियात हेच काम करते. धंद्यांच्या वेबसाईट, त्यांची ऑनलाइन जाहिरात, असलं सगळं. आधी पुण्यात एका कंपनीत होते. कंटाळा आला म्हणून परत आले. इथल्या लोकांना वाटतं नोकरी गेली. वाटू द्या.

"बंद करते. पण झालं काय ते तर सांगा."

"गोविंदजीचा मेसेज आला काल रात्री. तुमाले पाठवतो. वाचा, मंग बोला."

मेसेजमध्ये एक स्क्रीनशॉट होता. आमच्याच डब्याशी कुणीतरी केलेलं बोलणं. आणि त्याखाली गोविंदजींची एक ओळ: 'शेखर, अपनी दुकान खोल ली. बधाई हो.'

मी चहा बाजूला ठेवला आणि डबा बंद केला. त्याला दोन क्लिक लागतात. बाकीचं निस्तरायला आठवडा गेला.

आता हे गोविंदजी कोण ते सांगते, नाहीतर त्या एका ओळीत एवढं काय होतं ते कळायचं नाही. गोविंदजी तांदळाचे दलाल. दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, पण तांदळाच्या धंद्यात दलाल नसेल तर गाडी फाटकाबाहेर निघत नाही. शेखरभाऊंची मिल उसना तांदूळ काढते. उसना म्हणजे धान आधी उकडायचं, वाळवायचं, मग मिलमध्ये टाकायचं. हा तांदूळ दक्षिणेत जातो. तिथल्या व्यापाऱ्याने गोंदिया पाहिलेलं नसतं, आणि भाऊंनी त्याचं दुकान पाहिलेलं नसतं. दोघांच्या मध्ये गोविंदजी. माल कसा आहे हे व्यापाऱ्याला ते सांगतात, पार्टी कशी आहे हे मिलवाल्याला तेच सांगतात. गाडी पोचल्यावर व्यापारी म्हणाला की दाणा काळा निघाला, तर भांडण तेच मिटवतात. त्याचे पैसे अडकले तर मागे तेच लागतात. त्याबद्दल त्यांना दलाली मिळते. बाजारात याचा कागद कुठेच नसतो. एक रिवाज मात्र असतो, की दलालाच्या पार्टीशी मिलवाल्याने परस्पर भावाचं बोलायचं नाही.

आणि आमचा डबा नेमका तेच बोलून बसला होता.

केरळमधले थॉमस म्हणून एक व्यापारी. गोविंदजींच्या मार्फत ते वर्षानुवर्षं शेखरभाऊंचाच तांदूळ घेत होते. रविवारी दुकान बंद, हातात मोबाईल, त्यांनी सहज वेबसाईट उघडली आणि डब्याला इंग्रजीत विचारलं, उसन्याचा आजचा भाव काय? डब्याने आधी नाव, गाव, नंबर घेतला. मग 'आमच्या मिलमध्ये आपले स्वागत आहे' असं म्हणून भाव सांगितला, दाण्याचा फोटो पाठवला, आणि वर सांगितलं की एका ट्रकपेक्षा कमी माल मिळणार नाही. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईकाचं त्याने नव्या पाहुण्यासारखं स्वागत केलं. थॉमसनी त्याचा स्क्रीनशॉट काढून गोविंदजींना पाठवला आणि विचारलं की मिल हा भाव सांगते, तुम्ही तो सांगता, मधलं कुठं जातं? गोविंदजींनी तो तसाच भाऊंना पुढे ढकलला, बधाईसकट.

मी दुपारी मिलवर गेले. फाटकापासूनच उकडलेल्या धानाचा वास. तो वास मला लहानपणापासून आवडतो, पण त्या दिवशी कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ऑफिसात शेखरभाऊ बसले होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, एरवी मोठ्याने बोलणारे. बाजूच्या टेबलावर त्यांचे मुनीम टेकचंदजी, कानाला फोन लावून. टेकचंदजींनी फोन ठेवला आणि मान हलवली.

"नाही उचलून राहिले," ते म्हणाले.

"अजून एकदा लावा," भाऊ म्हणाले.

"सकाळपासून तेच करून राहिलो, भाऊ."

मी म्हटलं, डबा बंद आहे, आता कुणाला काही सांगणार नाही. शेखरभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आग लागल्यावर विडी विझवल्याचं सांगायला आले आहे.

"मॅडम, दिवाळी होऊन गेली. नवं धान यायले लागलं. गोदामात जुन्या मालाच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या आहेत. गोविंदजी माल उठवत नाही तवापर्यंत नवीन माल ठेवू कुठं? माह्या डोक्यावर?"

"दुसरे दलाल आहेत ना?"

"आहेत. अन् सगळ्यायले एव्हाना माहीत आहे का गोविंदजीनं शेखरचा फोन उचलणं सोडलं. कोण हात लावते मंग?"

म्हणजे गोष्ट अशी होती. माल उठला नाही तर जागा नाही, जागा नाही तर धान घेता येत नाही, धान नाही तर ऐन हंगामात मिल बंद. बाहेर हमाल थप्पीला टेकून बसलेच होते. एरवी त्यांना त्या वेळी पाठ टेकायला वेळ नसतो.

पण भाऊंना खरं लागलं होतं ते हे नव्हे. टेकचंदजी बाहेर गेल्यावर ते जरा हळू बोलले. "माल विकला जाईल कुठंतरी. घाट्यात विकू. पण त्यायले वाटून राहिलं असन का शेखर पाठीमागून गेला. माहे वडील गेले तवा मी पोट्टा होतो. कोणी विश्वास ठेवत नव्हतं माह्यावर. पहिल्या गाड्या त्यायनं आपल्या जबानीवर पाठवल्या. आता त्यायले वाटते का मी त्यायची पार्टी फोडली."

 मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझंही वाटलं. तिरोडा रोडवर मला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम होतं. हा डबा बुडाला असता तर त्या रोडवर मला कुणी चहा विचारला नसता.

हा डबा बसवायचं ठरलं कसं, तेही सांगून टाकते. भाऊंनी नागपूरला मशीनरीच्या प्रदर्शनात एका कंपनीचा चॅटबॉट पाहिला आणि येऊन मला म्हणाले, आपल्यालेही असा पायजे, झोपलो असलो तरी गिऱ्हाईक आलं पायजे. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, भाऊ, तुमचा धंदा बी-टू-बी आहे. म्हणजे दुकानदार आणि घरचं गिऱ्हाईक असा नाही, एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला विकायचा. साड्या विकणाऱ्याकडे दिवसभरात शंभर माणसं येतात, त्यातली चार घेतात. तुमच्याकडे येणार चारच, आणि एकाने घेतलं तर ट्रक जातो. त्यामुळे डबा इथे वेगळ्या तऱ्हेने चालवावा लागतो. ते म्हणाले, चालवा ना. मी म्हटलं, मग गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं आणि तुम्ही काय सांगता ते सगळं मला सांगा. अर्धा दिवस बसलो आम्ही. तुकडा किती टक्के, ओलावा किती, बारदाना म्हणजे पोती कोणती, गाडी किती दिवसांत भरते. भाव विचारला तर?

"तर आजचा भाव सांगायचा," भाऊ म्हणाले होते. "कायले लपवायचं?"

मग रोज सकाळी टेकचंदजी आजचा भाव टाकायचे आणि डबा तो सांगायचा. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, तसा डबा पहिले काही आठवडे बोलत राहिला. कुणी विचारलं, पाच किलो घरपोच द्याल का? कुणी विचारलं, ड्रायव्हरची जागा आहे का? एकाने रोज सकाळी फक्त 'जय श्रीराम' लिहिलं. आमच्याकडे त्या नावाची तांदळाची एक जात आहे; तो तिच्याबद्दलच विचारतो आहे असं समजून डब्याने त्याला रोज जय श्रीराम तांदळाची माहिती दिली. या धंद्यात चौकशीला 'लीड' म्हणतात, म्हणजे जिच्या मागे जाऊन सौदा होऊ शकतो अशी चौकशी. अशी खरी लीड एकच आली. ती थॉमसची.

दुसऱ्या दिवशी मी परत मिलवर गेले, आणि टेकचंदजींच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. मला कळत नव्हतं की चूक नेमकी कुठे झाली. भाऊंनी सांगितलेलं मी जसंच्या तसं डब्यात भरलं होतं. डबा खोटं एक अक्षर बोलला नव्हता. मग टेकचंदजी फोनवर तोच भाव दिवसभर सांगतात तेव्हा हे भांडण का होत नाही?

"तुम्ही बसा, फोन आले का ऐका," ते म्हणाले. "चहा सांगू?"

पहिला फोन आला. टेकचंदजी म्हणाले, "हाँ जी, नमस्कार. किसके थ्रू?" पलीकडून कुणाचं तरी नाव आलं. "उनसे बात कर लो ना जी, वही बताएँगे. माल बढ़िया है, फोटो डालता हूँ." फोन ठेवला.

दुसरा आला. "नमस्कार. कोणाच्या मार्फत?" तो नवा होता, कुणाच्याच मार्फत नव्हता. टेकचंदजींनी त्याचं गाव विचारलं, फर्म विचारली, कोणाचा माल घेता ते विचारलं, आणि भाव न सांगता 'भाऊंना विचारून कळवतो' म्हणाले.

तिसऱ्यालाही तेच. भावाच्या आधी, मालाच्या आधी, नमस्काराला चिकटूनच, किसके थ्रू.

मी उठून भाऊंच्या टेबलाजवळ गेले. "भाऊ, टेकचंदजी प्रत्येकाला आधी विचारतात की कोणाच्या मार्फत आलात."

"विचारतीलच ना."

"तुम्हीही विचारता?"

"मंग? विचारल्याशिवाय कोण बोलते?"

"मग त्या दिवशी अर्धा दिवस माझ्यासमोर बसला होता, तेव्हा हे सांगितलं का नाही?"

भाऊ खरोखरच गोंधळले. "त्यात सांगण्यासारखं काय आहे? तो काय प्रश्न आहे काय?"

झालं. इथेच घोडं पेंड खात होतं. त्यांच्या लेखी तो प्रश्न नव्हताच. बोलण्याआधी खाकरावं तसं ते होतं. त्यांनी मला मोजून सगळी उत्तरं दिली, आणि ज्या एका प्रश्नावर सगळा बाजार उभा आहे तो दिलाच नाही, कारण तो आपण विचारतो हे त्यांनाच माहीत नव्हतं. आणि मी पुण्यात शिकून आले होते की आलेल्या प्रत्येकाचं नवा म्हणून स्वागत करायचं. इथे नवा कुणी नसतोच. जो येतो तो कुणाचा तरी असतो.

मी घरी येऊन डबा नव्याने बांधायला घेतला. आता तो नमस्कार म्हटल्याबरोबर विचारणार होता, आपण कोणाच्या मार्फत? दलालाचं नाव सांगितलं तर माल कसा आहे, किती आहे, ओलावा किती, आजचे फोटो, गाडी कधी भरू शकते, एवढं सगळं सांगायचं, आणि भाव मात्र 'आपल्या दलालांकडून घ्यावा' असं म्हणायचं. त्याच वेळी त्या दलालाच्या मोबाईलवर निरोप जाणार, तुमची पार्टी विचारते आहे. आणि कुणाच्याच मार्फत नसेल तर नंबर घेऊन टेकचंदजींकडे द्यायचा. काम म्हटलं तर फार नव्हतं. मी स्वतःवर खूश होते. आता गोविंदजींना दाखवायचं, की मिटलं.

भाऊंना म्हटलं, चला त्यांच्याकडे.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "तुम्ही बनवलं, तुमालेच नीट सांगता येईल."

"मी एकटी जाऊन काय सांगू? माझी त्यांची ओळख नाही."

"टेकचंदजीले घेऊन जा."

मला राग आला. मी म्हटलं, "भाऊ, डबा तुमच्या मिलचा आहे. तुम्ही येत नसाल तर मी पण जात नाही." ते शर्टाची बटणं चाचपत थोडा वेळ बसले आणि मग गाडीची किल्ली उचलली. 

गोविंदजींची गद्दी गोंदियाच्या बाजारात आहे. खाली पांढरी चादर घातलेली गादी, भिंतीला लोड, आणि समोर कागदाच्या पुड्यांत तांदळाचे नमुने. सत्तरीचा माणूस, किरकोळ अंगाचा. एका पुडीतले चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघत होते. आम्हाला पाहून त्यांनी दाणे परत पुडीत टाकले.

"आओ शेखर. बैठो. बेटी, तुम भी बैठो."

चहा आला. त्यांनी मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, कामठा. कुणाची? मी वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, कामठ्याचं धान चांगलं यायचं. मग पाऊस, मग रेल्वेच्या गाड्या, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. मूळ गोष्टीचं नाव नाही. भाऊ कपातल्या चहाकडे बघत बसले होते. शेवटी मीच मोबाईल काढला.

"काकाजी, तो जो चॅटबॉट होता ना, त्याच्यात आम्ही बदल केला आहे. एकदा बघता का?"

"दिखाओ."

त्यांनी मोबाईल माझ्याकडून घेतला आणि एका बोटाने टाइप केलं, 'रेट?' डब्याने विचारलं, 'आप किसके थ्रू हैं?' त्यांची भुवई जराशी वर गेली. त्यांनी स्वतःचंच नाव टाकलं. डब्याने मालाची माहिती दिली, फोटो दिले, आणि म्हटलं, 'भाव गोविंदजी ही बताएँगे.' त्यांनी परत लिहिलं, 'गोविंदजी फोन नहीं उठाते.' डब्याने उत्तर दिलं, 'आपका संदेश उन्हें भेज दिया है.' आणि गादीवर पडलेला त्यांचा दुसरा फोन टुणकन वाजला.

त्यांनी तो उचलून वाचला. ते हसले. मला वाटलं, जिंकलो.

"अच्छा बनाया है, बेटी." मोबाईल माझ्या हातात परत दिला. "लेकिन ये सब मेरे लिए किया?"

"हो. तुमची नाराजी होती म्हणून."

"मेरी नाराजी डिब्बे पे थी ही नहीं. मशीन है, गलती करेगी. मेरा पोता भी करता है." मग आल्यापासून पहिल्यांदा ते शेखरभाऊंकडे वळले. "रविवार की रात मैंने मैसेज डाला. मैंने सोचा, अभी शेखर का फोन आएगा. बोलेगा, काकाजी, गड़बड़ हो गई. बस. इतना ही बोलना था. सुबह फोन आया मुनीम का. दोपहर को मुनीम का. दूसरे दिन फिर मुनीम का. मैंने मैसेज मुनीम को डाला था क्या?"

भाऊंनी कप खाली ठेवला.

"पार्टी से बात करना हो तो डिब्बा, मुझसे बात करना हो तो मुनीम. तो शेखर किससे बात करता है आजकल?"

मला सोमवारची सकाळ आठवली. भाऊंनी पहिला फोन मला केला होता. आणि मी तेव्हा त्यांना एका शब्दाने म्हटलं नव्हतं, की भाऊ, आधी तिकडे करा. मी क्लिक मोजत बसले होते.

"काकाजी, माही हिंमत नाही झाली," भाऊ म्हणाले.  "फोन हातात घेऊन घेऊन ठेवून देऊन राहिलो. तुमाले वाटलं असन का मी पाठीमागून गेलो."

"वाटलं ना," गोविंदजी मराठीत म्हणाले. "एक रात वाटलं. सुबह तक गया. फिर तेरा फोन नहीं आया, तो फिर से वाटलं."

"चुकलं माहं."

"हिम्मत किस बात की लगती है रे? मैं गाली देता. और क्या करता?"

भाऊंनी रुमाल काढून तोंड पुसलं, डोळ्यांसकट. मी नमुन्याच्या पुड्या बघत बसले. अशा वेळी नजर कुठेतरी ठेवावी लागते. गोविंदजींनी गद्दीवरच्या माणसाला अजून चहा सांगितला. मग त्यांनी भाऊंना खरोखरच एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही, आणि भाऊ ती ऐकून मान खाली घालून हसले. मला तेव्हा कळलं की आता माल उठणार.

थॉमसचं मात्र बाकी होतं. त्यांना मिलचा भाव कळला होता आणि एकदा कळलेलं परत घेता येत नाही. मी म्हटलं, त्यांना काय सांगायचं? गोविंदजींनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. इकडची तिकडची विचारपूस झाली. मग ते म्हणाले, "थॉमससाब, वो जो भाव आपने देखा ना, सही है. वो मिल के दरवाजे का भाव है. आपके दरवाजे का भाव मैं देता हूँ. बीच में आधा हिंदुस्तान पड़ा है. आप ट्रक लेके यहाँ आ जाओ, माल देख के भर लो, वही भाव मिलेगा."

 मग थॉमस त्यांच्या हिंदीत म्हणाले की नहीं नहीं, ट्रक आप ही भेजो, माल भी आप ही देखो. आणि मग त्यांनी दोन गाड्यांचं सांगितलं. मागच्या गाडीत दाणा जरा पिवळा आला होता, तेही बघा म्हणाले. गोविंदजींनी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी मान हलवली, आणि तो विषयही तिथेच निघाला नि तिथेच संपला.

त्या आठवड्यात गाड्या लागल्या. थप्प्या खाली आल्या, नवं धान आत गेलं, मिल थांबली नाही. डबा परत सुरू केला.

आता लोक मला विचारतात, आणि विचारणारच, की मग या चॅटबॉटचा बी-टू-बी धंद्याला उपयोग काय? त्या हंगामाचं सांगते. नवं गिऱ्हाईक डब्याने आणलं ते एकच, आणि त्याचाही सौदा शेवटी गोविंदजींच्या मार्फतच झाला, कारण तो त्यांना ओळखत होता, मिलला नव्हे. भाऊंचं 'झोपलो असलो तरी गिऱ्हाईक यावं' हे काही झालं नाही. पण टेकचंदजींचे दिवसभराचे फोन बरेच कमी झाले. माल आहे का, ओलावा किती, गाडी निघाली का, हे विचारायला आता कुणी फोन करत नाही, डब्याला विचारतात. आणि डब्याशी सगळ्यात जास्त बोलतं कोण, तर दलाल. गोविंदजी सकाळी उठून आधी तिथे साठा बघतात, मग पार्ट्यांना फोन करतात. त्यांनी बाजारात दोघांचौघांना सांगितलं आणि मला त्या रोडवरच्या आणखी मिलची कामं मिळाली. ती मिळवून दिल्याबद्दल त्यांनी माझ्याकडे दलालीही मागितली. मी दिली. रिवाज आहे.

एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून बदलली. काम घेताना मिलवाल्याला जो कागद देते त्यात एक ओळ घालते. माल, साठा, गाडी याबद्दल डबा बोलेल. पण गिऱ्हाईक चिडलेलं दिसलं, कुणी तक्रार लिहिली, कुणाचा मान दुखावला, तर डबा तिथेच थांबेल आणि मालकाचा स्वतःचा नंबर देईल. मुनिमाचा नाही. आणि तो फोन मालकाने स्वतः उचलायचा, किंवा त्याच दिवशी स्वतः करायचा.

ही ओळ वाचून आतापर्यंत दोन मिलवाल्यांनी काम द्यायचं रद्द केलं. त्यांना डबा हवा होता तो नेमका तोच फोन टाळायला.